जिना चढणारा म्हातारा

सांता मारिया, कॅलिफोर्निया
१४ फेब्रुवारी १९९९

ताई,

फिदेन्सिओकाकांची पार्सलांची गाडी आज संध्याकाळी गावाकडे परत निघते आहे, म्हणून हे घाईघाईने लिहिते. घरातला फोन पुन्हा तोडला. या वेळी बिल भरायची पाळी ज्याची होती तो कोबीच्या तोडणीला दुसऱ्या गावी निघून गेला, आणि बाकीचे आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. तेव्हा आता काकांची गाडी हाच आपला फोन, असं समज.

तू पाठवलेले मक्याचे कडक तोतोपो आणि मिरच्या पोचल्या. मिरच्यांची पुरचुंडी उघडली आणि सगळं घर शिंकायला लागलं. माझ्या खोलीतली एर्मेलिंदा म्हणाली, "तुझी बहीण आपल्याला खायला घालते आहे की हाकलून लावते आहे?"

स्ट्रॉबेरीचं काम सुरू झालं. वाफे गुडघ्याच्याही खाली असतात, त्यामुळे सकाळी एकदा वाकलं की दुपारपर्यंत आकाश दिसत नाही. पहिल्या वर्षी कंबर दुखायची. आता कंबर दुखते हे कळतच नाही, कारण गुडघे तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. मुकादम मागून येतो आणि म्हणतो, "काय मावशी, झोप लागली का तिथेच?" मी पस्तिशीची आणि हा मला मावशी म्हणतो.

इथे दुकानात मिळतात त्या गोळ्या पाण्यासारख्या आहेत. जोराचं काही हवं तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि डॉक्टरकडे जायचं म्हणजे नाव सांगा, पत्ता सांगा, मालक कोण ते सांगा. मला कागद नाहीत, मी कशाला त्या वाटेला जाऊ? तिकडून गुडघ्यांसाठी काही पाठवता आलं तर बघ. आपलं, तिकडचं काहीतरी.

माझ्या सेनाइदाला सांग, पुढच्या वर्षी जुलैत तिची प्राथमिक शाळा संपेल तेव्हा मी तिच्या शेजारी उभी असेन. हे तुझ्यासमोर लिहून देते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझी,
न्येवेस


सान इसिद्रो, वाहाका, मेक्सिको
३ मार्च १९९९

न्येवेस,

बरोबर एक बाटली आहे. हिरव्या गोळ्या. बाटलीवर जिना चढणारा म्हातारा काढला आहे, गाल लाल आणि दात पांढरे. इतके पांढरे दात आपल्या गावात कुणाला नाहीत. रविवारच्या बाजारात तिबुर्सियामावशी विकते. मी तिला विचारलं, "मावशी, यात काय आहे?" तर म्हणाली, "खाजकुयली, लसूण आणि देवाची कृपा. झाडपाला आहे नुसता. झाडपाल्याने कधी कुणी मेलंय का?" मी म्हटलं, "आपल्या आजोबांची गाय मेली होती." तर म्हणते, "गाय बाटलीवरचं वाचत नाही."

पण तुझी ही एदुविहेस काही न बघता पाठवत नाही, हे तुला माहीत आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी टोप्या विणून विणून माझी बोटं वळेनात, तेव्हा एक गोळी घेतली. पोटात जरा जळजळलं, पण संध्याकाळी मी एका बैठकीत टोपीचा काठ पुरा केला. तेव्हापासून बाजाराच्या आठवड्याला एखादी घेते. तिबुर्सिया स्वतःही घेते आणि डोक्यावर पोतं घेऊन चढण चढते. डॉक्टरकडे गेले असते तरी त्याने वेगळं काय दिलं असतं?

जेवल्यावर घे. रिकाम्या पोटी नको.

सेनाइदा उंच झाली आहे. शाळेच्या झग्याची शिवण दोनदा उसवली. परवा मला विचारत होती, आईचा आवाज कसा आहे. मी म्हटलं, "माझ्यासारखाच, फक्त कमी ओरडणारा." ती म्हणाली, "मग तुझ्यासारखा नाही."

काळजी घे.
एदुविहेस


सांता मारिया
९ मे १९९९

ताई,

तुझ्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावरून उतरले आणि उभी राहिले. नुसती उभी राहिले, कशाला धरलं नाही. एर्मेलिंदा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काय गं, गुडघे बदलून आणलेस की काय?" मला हसू आलं आणि रडूही आलं. दुखणं थांबलं की कळतं किती दुखत होतं.

परवा मी रांगेत सगळ्यांच्या पुढे होते. मुकादमाने आता मावशी म्हणणं सोडलं आहे. भूकही लागते. आणि काय सांगू, मन इतकं हलकं असतं की काम करता करता गाणं म्हणते.

घरातल्या सगळ्यांनी बाटली बघितली आणि प्रत्येकाला दोन-दोन गोळ्या द्याव्या लागल्या. तेव्हा पुढच्या खेपेला तीन बाटल्या पाठव. मी रोज एकच घेते, बाकी यांनाच जातात.

सेनाइदाच्या झग्यासाठी कापड पाठवते आहे. निळं आहे. शिवण मोठी सोड.

न्येवेस


सान इसिद्रो
१९ सप्टेंबर १९९९

न्येवेस,

फोटो मिळाला. पाकीट मी फोडलं, पण फोटो आधी सेनाइदाने घेतला आणि दारात उजेडात नेऊन बघत बसली. मग आत येऊन म्हणाली, "मावशी, आई जाडी झाली." आम्ही दोघींनी मिळून बघितला. तुझा चेहरा पौर्णिमेसारखा गोल झाला आहे. हनुवटी सापडत नाही. आपली आई लग्नाआधी अशी होती म्हणतात, आपण काही ती बघितली नाही.

खरं सांगू? बरं वाटलं, आणि रागही आला. आम्ही इथे घेवडा आणि तोर्तिया खातो, मी तुझ्यासाठी काळजीने वाळते, आणि तू तिकडे फुगते आहेस. तू गेलीस तेव्हा तुझ्या गळ्याची हाडं दिसायची. आता बाई सुखात आहे, असं सगळं गाव म्हणतं. तिबुर्सियाने तो फोटो बाजारात मागून घेतला आणि गिऱ्हाइकांना दाखवला: "बघा, माझ्या गोळ्या उत्तरेला जातात. ही बघा, कशी टवटवीत." त्या दिवशी तिचा माल दुपारीच संपला.

पण एक सांग. तू एवढ्या बाटल्या मागतेस, त्या सगळ्या घरातलेच घेतात ना? काका म्हणाले, दर खेपेला तू गाडीपाशी पहिली उभी असतेस, आणि खाण्याच्या पुडीच्या आधी बाटली शोधतेस.

सेनाइदा हल्ली तुझं नाव निघालं की घरातली काम करणारी मोठी बाई होते. केर काढते, पाणी भरते. तिला वाटतं, घर नीट असलं की तू लवकर येशील. मी तिचा गैरसमज दूर करत नाही. घर स्वच्छ राहतं.

एदुविहेस


सांता मारिया
७ नोव्हेंबर १९९९

ताई,

तुला माझ्या हनुवटीची एवढी काळजी कशाला? मी इथे मेजवान्या झोडत नाही. तेच घेवडे, त्याच तोर्तिया, तेही पाकिटातले. चेहरा भरला आहे, पण हात-पाय बघशील तर काड्या आहेत. फोटोत ते आले नाहीत म्हणून तू चिडलीस. आणि काकांनाही सांग, त्यांनी गाडी चालवावी, माझ्यावर नजर ठेवू नये.

तुझ्यावर रागावून पत्र सुरू केलं, म्हणून थोडी थांबले. आता पुढे लिहिते.

सुगी संपली पण आम्ही रोपं लावतो आहोत. पायांवर निळे डाग पडतात, कुठे आपटलं ते आठवत नाही. तहान फार लागते. रांगेच्या टोकाला पाण्याचा पिंप आहे, तिथे मी इतक्यांदा जाते की मुकादम म्हणतो, पिंपाशी लग्न लाव. हे वयाचं असेल. आपल्या आईलाही चाळिशीत असंच काहीबाही होत होतं.

मागच्या महिन्यात काकांची गाडी बिघडली आणि बाटल्या उशिरा आल्या, तेव्हा मला पलंगावरून उठवेना. अंग म्हणजे ओलं पोतं. उलट्या झाल्या. एर्मेलिंदाने कुणाकडून तरी चार गोळ्या मागून आणल्या आणि संध्याकाळी मी स्वयंपाक केला. तेव्हा कळलं, त्या माझ्यासाठी किती चांगल्या आहेत.

म्हणून रागावू नकोस आणि पाठवत राहा. जुलैपर्यंतच. त्यानंतर मी घरी येईन, तुझ्याजवळ बसून टोप्या विणेन, आणि मग गुडघे दुखू देत नाहीतर जाऊ देत.

न्येवेस


सान इसिद्रो
१६ जानेवारी २०००

न्येवेस,

हे मी काकांच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिते आहे. ते हॉर्न वाजवत आहेत.

तिबुर्सियामावशीला शुक्रवारी रक्ताची उलटी झाली. तिला वाहुआपानच्या मोठ्या इस्पितळात नेलं. आपल्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला आहे, कोवळा पोरगा, शिक्षण संपवून एक वर्षासाठी आलेला. आज त्याने तिची मागे राहिलेली पिशवी उघडली आणि ती बाटली काढली. मी तिथे होते, तिच्या मुलीबरोबर गेले होते. तो म्हणाला, यात झाडपाला नावाला आहे. कुणीतरी यात दुखण्याचं जालीम औषध कुटून घातलं आहे, पोट जाळणारं, आणि वर आणखी एक, ज्याने तोंड सुजून गोल होतं, हाडं पोकळ होतात, साखर वाढते. बाटलीवर त्यातलं काही लिहिलेलं नाही.

तो आणखी काही सांगत होता, पण मी "तोंड गोल होतं" एवढं ऐकलं आणि पळत सुटले, कारण गाडी निघायची वेळ झाली होती.

सगळ्या बाटल्या आजच फेकून दे. एक गोळी ठेवू नकोस. कुणाला देऊही नकोस. मी तुला विष पाठवलं. माझ्या हाताने बांधून पाठवलं.

फेकून दे. आजच.

एदुविहेस


सान इसिद्रो
१७ जानेवारी २०००

न्येवेस,

हे टपालाने पाठवते आहे. वाहुआपानला जाऊन स्वतः पेटीत टाकणार आहे. कधी पोचेल देव जाणे. आज सकाळी टेलिफोनच्या दुकानात जाऊन तुझा नंबर लाव म्हटलं, पोरगी म्हणाली हा नंबर बंद आहे. माहीत होतं, तरी लावून बघितला. शेजारच्या गावातल्या एकाचा भाऊ तुमच्याकडे आहे म्हणे, त्याच्या मालकाच्या नंबरवर निरोप ठेवला. माणूस इंग्रजीत काहीतरी बोलला आणि फोन ठेवला.

नीट वाच. एकदम बंद करू नकोस.

मी सकाळी त्या डॉक्टरकडे परत गेले, तुझा फोटो घेऊन. त्याने फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काकू, ही किती दिवस घेते आहे?" मी म्हटलं, वर्ष होत आलं. "रोज?" मी म्हटलं, एक. तो फोटोकडे बघत राहिला. "एकीने असा चेहरा होत नाही," म्हणाला. मग विचारलं, "तुम्ही तिला काय कळवलंत?" मी सांगितलं. त्याने डोळे मिटले.

त्याने समजावलं ते असं. आपल्या अंगात एक रस आपोआप तयार होतो, त्याच्यावर माणूस उभा राहतो. तोच बाहेरून रोज मिळायला लागला की अंग तो करायचं सोडून देतं. आपल्याकडे पीठ दळायची चक्की आली तेव्हा आपण पाटा-वरवंटा सोडला ना, आणि वर्षभराने चक्की बंद पडली तेव्हा बायकांच्या हातात जोर उरला नव्हता. तसं. म्हणून हळूहळू कमी करत न्यायचं, डॉक्टरच्या देखरेखीखाली. एकदम थांबलं तर माणूस कोसळतो. जीवही जातो.

माझं कालचं पत्र मिळालं असेल तर त्यातलं ऐकू नकोस. दवाखान्यात जा. नाव विचारू देत, पत्ता विचारू देत, मालक कोण ते विचारू देत. बाटली बरोबर ने आणि दाखव.

तू रोज किती घेत होतीस, हे मी आता विचारत नाही. त्यांना मात्र खरं सांग.

एदुविहेस


सांता मारिया
३० जानेवारी २०००

एदुविहेसताई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी एर्मेलिंदा, न्येवेसच्या खोलीत राहते. तुमच्या मिरच्या मी खाल्ल्या आहेत. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

न्येवेस जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचं पत्र काकांनी दिलं त्याच दिवशी तिने बाटल्या आणून मोरीत रिकाम्या केल्या. मी म्हटलं, "दोन तरी ठेव, मागच्या वेळी काय हाल झाले होते ते आठव." तर म्हणाली, "ताईने सांगितलंय." आमच्या शेजारच्या खोलीतला गिल्येर्मो त्याने स्वतः गावाहून मागवलेल्यांतल्या थोड्या द्यायला आला, त्यालाही नाही म्हणाली. "माझी बहीण गाडीवर कागद ठेवून लिहिते म्हणजे उगाच लिहीत नाही."

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. त्यानंतर मात्र उठली नाही. खाल्लेलं पोटात ठरेना, पोटात कळा, डोळे उघडे पण आमच्याकडे बघत नव्हती. आम्हाला वाटलं, ताप. कुणी मीठ-साखरेचं पाणी दिलं, कुणी त्याच्याकडची लाल-पिवळी कॅप्सूल दिली, ती सगळ्या आजारांवर चालते म्हणून. माझ्या सासूची एक रीत आहे, अंड्याने दृष्ट काढायची, तीही मी केली. अँब्युलन्स बोलवायला सगळे घाबरत होते, आमच्यापैकी कुणालाच कागद नाहीत. मीही घाबरले. हे तुमच्यापासून लपवत नाही.

शेवटी तिचे ओठ पांढरे झाले आणि हात थंड पडले, तेव्हा मी रस्त्यावर जाऊन मुकादमाच्या गाडीपुढे उभी राहिले. तो शिव्या देत उतरला. खोलीत आला, तिला बघितलं, आणि तिला उचलून गाडीत घातलं.

इस्पितळात शिरेतून काहीतरी दिलं आणि तासाभरात ती बोलली. तिथल्या दुभाषी बाईने विचारलं, ती काय घेत होती. मी सांगितलं. तिने विचारलं, किती. मी न्येवेसकडे बघितलं. न्येवेसने तीन बोटं दाखवली, मग जरा वेळाने चौथं बोट उचललं. ताई, आमच्यापैकी कुणाला ती कधी एक गोळीही देत नव्हती. पहिल्या बाटलीतल्या दिल्या होत्या तेवढ्याच.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, असं लिहिणार होते. पण ते माझ्या हातात नाही.

एर्मेलिंदा


सांता मारिया
१२ मार्च २०००

ताई,

तुझं टपालाचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. मी ते दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. एर्मेलिंदा म्हणाली, फाडून टाक. मी नाही फाडलं. तू दोन दिवसांत दोन पत्रं लिहिलीस, आणि दुसरं मागे पडलं, एवढंच झालं. गाडी टपालापेक्षा जोरात पळते हा तुझा दोष नाही.

इस्पितळातल्या बाईने तीनदा विचारलं, या गोळ्या कुणी दिल्या. मी सांगितलं, गावच्या बाजारातून मीच आणल्या होत्या, येताना. तू कुठेच नाहीस त्या कागदावर.

मी खोटं बोलत होते, ते तुला आता कळलंच आहे. पहिल्यांदा एक होती. मग एकीने दुपारपर्यंतच पुरायचं. सगळ्यांच्या पुढे राहायची सवय लागली, ताई. मागे पडले तर दुसरी बाई रांगेत घेतात. हे तुला लिहिलं असतं तर तू पाठवलं नसतंस.

आता खरं सांगते. त्यांनी उजव्या खुब्याचं चित्र काढलं. हाडाचं टोक मेलं आहे म्हणाले, झाडाची फांदी वाळते तसं. डावंही त्याच वाटेवर आहे. कापून नवं बसवतात, पण ते माझ्यासारख्यांसाठी नाही. काठी दिली आहे. आणि लहान पांढऱ्या गोळ्या, दर आठवड्याला कमी करत न्यायच्या. पुन्हा दाखवायला या म्हणाले होते. मी गेले नाही. पांढऱ्या गोळ्या संपत आल्या आहेत.

घरात बसून राहिले तर इथे कुणी ठेवणार नाही. मुकादम चांगला माणूस आहे, पॅकिंगच्या टेबलापाशी हलकं काम देतो म्हणाला, पण तिथेही सात-आठ तास उभंच राहावं लागतं.

म्हणून विचारते. तिबुर्सियाकडे त्या बाटल्या अजून असतील तर दोन पाठव. काय आहे त्यात ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. आता फसवाफसवी नाही. त्या घेऊन मी निदान उभी तरी राहीन. जुलैपर्यंत. मग सेनाइदाच्या शाळेत येईन, आणि पुढचं पुढे.

नाही म्हणू नकोस.

न्येवेस


सान इसिद्रो
२ एप्रिल २०००

न्येवेस,

नाही.

तिबुर्सिया घरी परत आली आहे, अर्धं पोट कापून काढलेली. तिच्या मुलीने बाटल्या चुलीत घातल्या, तेव्हा हिरवा धूर निघाला आणि कोंबड्या पळाल्या. तरी पुढच्या रविवारी बाजारात दुसरा एक माणूस तोच म्हातारा घेऊन बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. तो म्हणाला, "काकू, गुडघे की कंबर?" माझ्यामागे रांग होती.

बरोबर एक पुडी आहे. ती डॉक्टरने दिली आहे, आणि त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे, पांढऱ्या गोळ्या संपल्या की यातल्या कशा घ्यायच्या आणि कशा कमी करायच्या. यावर औषधाचं नाव लिहिलेलं आहे. मी त्याला प्रत्येक अक्षर वाचून दाखवायला लावलं. तो कंटाळला, पण वाचलं. म्हणाला, "हे तिला रस्त्यात सोबत म्हणून. खरं तर तिला डॉक्टरच्या नजरेखाली राहायला हवं. तिकडे नसेल जात तर इकडे आणा." तो ऑगस्टपर्यंत इथे आहे. त्यानंतर दुसरा पोरगा येईल.

घरी ये, न्येवेस. मला माहीत आहे, एकदा आलीस की पुन्हा ती सरहद्द ओलांडता येणार नाही, त्या खुब्याने तर नाहीच. मला हेही माहीत आहे की तू गेल्यापासून मी रोज संध्याकाळी तू परत यावीस म्हणून मेणबत्ती लावत होते. पण तू अशी यावीस हे मागितलं नव्हतं.

आणि एक. सेनाइदा तुझी आहे, पण या चार वर्षांत मी तिच्या वेण्या घातल्या. कधी कधी मला भीती वाटायची, तू येशील आणि तिला उत्तरेला घेऊन जाशील. तुझ्या बाटल्या बांधताना मी तेव्हा असं मनात म्हणत असे: बरी राहा आणि तिकडेच काम कर. एवढं वाईट मी तुझं चिंतलं. आता तिच्या वेण्या आपण दोघी घालू. अर्धं डोकं तुझं.

काकांशी बोलले आहे. ते पार्सलांची रास मागे सारून तुला जागा करतील.

एदुविहेस


सांता मारिया
१८ मे २०००

ताई,

हे पत्र आज गावाकडे निघालेल्या एकाच्या हाती पुढे पाठवते आहे, आम्ही चार दिवसांनी निघू. काकांनी मधली बाकं काढून तिथे गादी टाकली आहे. दोन शिवणयंत्रं, एक सायकल, कुणाच्या तरी लग्नाची भांडी आणि मी, असा हा माल आहे. काका म्हणाले, "तुझ्यावरही नाव लिहून दोरी बांधू का?" मी म्हटलं, बांधा, वाटेत हरवायला नको.

डॉक्टरच्या कागदाप्रमाणे घेते आहे. उलट्या नाहीत. अशक्तपणा खूप आहे, आणि दुखतं, ताई. वर्षभर जे दुखलं नाही ते सगळं साठून राहिलं होतं असं वाटतं. पण डोकं स्वच्छ आहे. एर्मेलिंदाने मला काल न्हाऊ घातलं. ती माझ्या जागी रांगेत गेली आहे. जाताना ती स्वतःचे गुडघे चोळत होती. मी तिला सगळं सांगितलं आहे. ती हो म्हणाली. मीही तुला हो म्हणत असे.

तू सेनाइदाबद्दल लिहिलंस त्याला काही उत्तर देत नाही. मी तिथे आले की तुझ्याजवळ बसेन, ते उत्तर समज.

पण एक मागते. काकांची गाडी येईल तेव्हा तिला थांब्यावर आणू नकोस. सगळं गाव तिथे पार्सलं घ्यायला उभं असतं, आणि मला उतरायला वेळ लागतो. काका आणि तू, दोघांना मला धरावं लागेल. तिला आठवते ती डोंगरावरून सरपणाची मोळी घेऊन पळत उतरणारी आई. तिला शाळेत पाठव, नाहीतर विहिरीवर पाठव. काका मला दारापर्यंत आणतील. मला आत येऊ दे, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसू दे, पायांवर काहीतरी पांघरून घेऊ दे. काठी दारामागे ठेव.

मग तिला हाक मार.

न्येवेस